बाबांचा कंटेनर अलार्मवर का अडकला?

प्रश्न : मी उरणला राहते, बारावी सायन्सला आहे. बाबा ट्रेलर चालवतात. मागे बंदराच्या गेटवर रेडिएशनचा अलार्म वाजला आणि त्यांची गाडी तीन तास बाजूला लावली. आत निघाल्या टाइल्स! लपवलेलं युरेनियम शोधणारी ही यंत्रं बनवायला मला शिकायचंय. सहा महिन्यांचा 'पोर्ट सिक्युरिटी' कोर्स करू का?

उत्तर : तो कोर्स करू नकोस. तुला पडलेला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, आणि फार मोलाचा आहे.

टाइल्सच्या मातीत किंचित युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतंच. गेटवरच्या खांबांत बहुधा प्लास्टिकचे डिटेक्टर असतात. किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे गॅमा किरण वाढले एवढं त्यांना कळतं, ते कशातून आले हे नीट कळत नाही. म्हणून हातातलं यंत्र कंटेनरला लावून किरणांची ऊर्जा मोजतात. मातीतल्या पोटॅशियम-40 ची खूण 1460 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं एकक) दिसते, बॉम्बमध्ये वापरतात त्या युरेनियम-235 ची 186 ला. आणि खरी गोम इथेच आहे. हे 186 चे किरण इतके दुबळे, की अर्धा सेंटिमीटर शिसं ते जवळपास सगळे अडवतं. बॉम्बचा दुसरा धातू प्लुटोनियम, त्यातून निघणारे न्यूट्रॉन कण शिशाला जुमानत नाहीत. युरेनियमचे न्यूट्रॉन मात्र नगण्य. मग एक्स-रे स्कॅनरमध्ये शिशाच्या पेटीचाच गडद डाग शोधायचा. आकाशातून सतत येणारे म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण जड धातूतून जाताना जास्त वळतात, त्यावरून शोध घेण्याची पद्धत अमेरिकेच्या लॉस अलामॉसमध्ये 2003 साली मांडली गेली.

हे काम फक्त बॉम्बपुरतं नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्ट-60 ने एकाचा जीव घेतला.

तुझ्यासाठी सरळ वाट म्हणजे नेस्ट, ही बारावीनंतरची विज्ञानाची प्रवेश परीक्षा. त्यातून मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधल्या अणुऊर्जा विभागाच्या केंद्रात पाच वर्षांचं एकात्मिक एमएस्सी करता येतं. नाही जमलं तर जवळच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी, एमएस्सी कर. त्यात कमीपणा काही नाही. पुढे बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, ट्रेनिंग स्कूल. पायथन आणि संख्याशास्त्र आतापासून हाताशी ठेव, कारण खरा संकेत आणि नेहमीची पार्श्वभूमी वेगळी काढणं हा सगळा आकड्यांचा खेळ आहे. यंत्र बनवण्यापेक्षा गेटवर उभं राहून कंटेनर तपासणं आवडणार असेल, तर पदवीनंतर एसएससी सीजीएल या केंद्र सरकारच्या भरती परीक्षेतून कस्टम्सकडे जाता येतं.

आज रात्री बाबांना एवढं विचार : त्या दिवशी हातातलं यंत्र कंटेनरला एकाच जागी लावलं, की पुढून मागेपर्यंत फिरवलं? सगळीकडे सारखाच आकडा आला असेल, तर माल टाइल्सचा आहे हे दार उघडण्याआधीच ओळखता आलं असतं का, हे तुझं तूच मांडून बघ आणि मला कळव.