रागद्वेषातला राग म्हणजे संताप नव्हे हो!

प्रश्न असा की योगाच्या क्लासमध्ये 'रागद्वेष सोडा' म्हणजे 'चिडणं सोडा' असं सांगितलं ते बरोबर का, आणि मग द्वेष न् तिरस्कार यात फरक काय.

साफ चूक, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सुविचारांत तर ही चूक रोज सकाळी येते. इथला राग म्हणजे ओढ, आसक्ती, सरळ प्रेमच म्हणा ना. पतंजलींनी लागोपाठच्या दोन सूत्रांत सांगून टाकलंय, सुखानुशयी रागः, दुःखानुशयी द्वेषः, सुखाच्या मागून येतो तो राग, दुःखाच्या मागून येतो तो द्वेष, आणि क्लेश म्हणून, म्हणजे मनाला छळणारे दोष म्हणून, दोघंही सारखेच, प्रेमाला काही सूट नाही! गीतेतही 'वीतरागभयक्रोधः' आहे, राग म्हणजे क्रोधच असता तर क्रोध परत कशाला घातला असता?

धातू रञ्ज्, रंगणं. रंग, रक्त, रंजन, अनुराग सगळे त्यातलेच, वैराग्य म्हणजे रंग उतरणं. विश्वनाथाने साहित्यदर्पण या काव्यशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात पूर्वरागाचे, म्हणजे मीलनाआधीच्या प्रेमाचे, प्रकार चक्क रंगाऱ्याच्या भाषेत दिलेत: नीलीराग म्हणजे निळीचा, फार झळकत नाही पण जातही नाही, कुसुंभराग म्हणजे आपल्या करडईच्या फुलांचा, झळकतो आणि उडून जातो, मंजिष्ठाराग म्हणजे मंजिष्ठा वनस्पतीच्या लाल रंगाचा, झळकतोही आणि टिकतोही. (कॉलेजातली बहुतेक प्रकरणं करडईची.)

मग मराठीत राग म्हणजे संताप कसा झाला? चेहरा लाल होतो म्हणून, असं सांगून जाणकार मोकळे होतात. अहो लाजेनेही लाल होतो, मग लाजेला का नाही म्हणत राग? माझं म्हणणं, हा अर्थ रुसव्यातून आला. रागावतो आपण आपल्या माणसावर, आई रागावते, रिक्षावाल्याशी आपण भांडतो, त्याला रागावत नाही. प्रेमातला कोप होता, प्रेम गळलं आणि कोप उरला. कोशात हे सापडणार नाही, न सापडो. बंगालीतही राग म्हणजे संतापच, तेव्हा फक्त मराठी माणसाच्या स्वभावावर ढकलू नका. आणि 'रागलोभ' बघा, संस्कृत जोडीत प्रेमाच्या बाजूला बसलेला राग इथे पलीकडे गेला आणि त्याच्या जागी आला लोभ, जो संस्कृतात हाव! पत्राखाली 'लोभ असावा' लिहिणारे आपले आजोबा काय हाव मागत होते?

हां, तिरस्कार राहिलाच. तिरस् म्हणजे आड, संस्कृतात तिरस्करिणी म्हणजे पडदा, तेव्हा तिरस्कार म्हणजे नजरेआड करणं, द्वेषात तसं आड करणं नाही. द्वेष 'द्वि'वरून आला म्हणणाऱ्यांशी नंतर भांडतो.