नरिमन पॉइंटचे विधान भवन होण्यापूर्वी मुंबईत विधिमंडळ कोठे भरत असे?

रीगल चित्रपटगृहाजवळच्या ज्या दगडी इमारतीत आज राज्य पोलीस मुख्यालय आहे, तेथे. खलाशांच्या निवासासाठी बांधलेली ही वास्तू 1876 मध्ये पूर्ण झाली आणि 1928 मध्ये विधिमंडळासाठी घेण्यात आली. तिचे वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनीच पुढे बोरीबंदरचे स्थानक उभारले. टोकदार कमानी आणि दर्शनी भागावरील समुद्रदेवतेचे शिल्प पाहिले की इमारतीचा मूळ हेतू आपोआप उलगडतो. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरही सुमारे दोन दशके कामकाज येथेच चालले.

सध्याच्या विधान भवनाचे उद्घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते 19 एप्रिल 1981 रोजी झाले. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरील या आधुनिक इमारतीत विधानसभा व विधान परिषद यांची स्वतंत्र सभागृहे आहेत. सोय वाढली, पण कारागिरीत जुनी वास्तू सरस, असे माझे मत आहे. खानदेशापुरते सांगायचे, तर जळगाव जिल्ह्यातील मधुकरराव चौधरी आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी यांनी विधानसभेचे अध्यक्षपद भूषविले ते याच नव्या सभागृहात.