मुंबईच्या मिशनरी शाळांच्या इतिहासावर संशोधन सुरू करताय?

आधी एक करा : सगळ्या ‘मिशनरी’ शाळा एका पोत्यात भरू नका. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन स्कॉटिश प्रॉटेस्टंट. १८६९ चं सेंट झेवियर्स जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक व्रतस्थ संघाचं. पैसा वेगळा, वरिष्ठ वेगळे. (मीही वर्षभर हा घोळ घातलाय.)

नवखे हमखास चुकतात ते इथं :

- धर्मांतराचे आकडे मोजत बसणं. १८३९ मध्ये विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. इंग्रजी हवी, बाप्तिस्मा नको! खरी गंमत या ओढाताणीत आहे.
- वार्षिक अहवालांवर डोळे मिटून विश्वास. ते देणगीदारांसाठी लिहिलेले असतात.

एकच शाळा, वीसच वर्षं घ्या. जेझुइटांचा रोममधल्या वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार नंतर बघू.