छोट्या गावातल्या हायस्कूलला सांगण्यासारखा इतिहास आणि परंपरा असतात का? एखादं उदाहरण द्याल का?

असतात! हवाईतल्या लाहायना गावची लाहायनालुना शाळा बघा. मिशनऱ्यांनी ती १८३१ मध्ये काढली. १८३४ साली तिच्याच छापखान्यात 'का लामा हवाई' हे हवाईयन भाषेतलं वृत्तपत्र निघालं. शाळेने अख्ख्या समाजाच्या हाती वाचायला काही दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी डेव्हिड मालो यांनी पुढे आपल्या लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यांची समाधी शाळेमागच्या डोंगरावर आहे. त्याच डोंगरावर 'एल' हे भलंमोठं अक्षर आहे, मुलं वर चढून ते चुन्याने पांढरं करतात. वसतिगृहातली मुलं शाळेसाठी कामही करतात. २०२३ च्या वणव्यात गाव बेचिराख झालं, शाळा मात्र वाचली.