हंपीत राजवाडा कुठंय हो?

प्रश्न : नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून गाडीने हंपीला जायचं चाललंय. मी, मिस्टर, नववीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात). मिस्टरांचं म्हणणं एक दिवस बास, दगडंच तर आहेत. मुलाला पन्नासच्या नोटेवरचा रथ बघायचाय. सासूबाई वारकरी आहेत, त्यांनी ऐकलंय की आपला विठोबा तिकडं नेला होता, तर ते ठिकाण त्यांना बघायचंय. आणि मला राजवाडा बघायचाय, पण माझी बहीण जाऊन आली ती म्हणते राजवाडा बिजवाडा काही नाहीये, नुसते ओटे आहेत. हे खरंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बहीण खरं बोलतेय पण अर्धंच. मी पण पहिल्यांदा गेलो तेव्हा असाच राजवाडा शोधत फिरलो होतो, तो पण मे महिन्यात, भर दुपारी, एक पाण्याची बाटली घेऊन, आणि शेवटी एका ओट्यावर डोकं धरून बसलो. तो ओटा म्हणजेच राजवाडा होता हे नंतर कळलं!

झालंय असं की हंपी म्हणजे जुन्या विजयनगर साम्राज्याची राजधानी. या विजयनगरात देवळं दगडाची, पण राजवाड्यांचं जोतं तेवढं दगडाचं आणि वरचे खांब, छत, मजले सगळे लाकडाचे. १५६५ च्या जानेवारीत दख्खनच्या सुलतानांशी तालिकोटची लढाई झाली, त्यात विजयनगरचा कारभार बघणारा रामराया मारला गेला, राजधानी लुटली, जाळली, त्यात लाकूड गेलं आणि जोती राहिली. त्यामुळं तिथं मान वर करून काही दिसायचं नाही, खाली बघत चालायचं. जोत्यावर खांब बसवायच्या जागा दिसतात, पायऱ्यांच्या कडेला कोरीव काम दिसतं, मग हळूहळू खोल्या डोळ्यापुढं उभ्या राहायला लागतात. हे एकदा जमलं की मजा आहे, नाही जमलं तर मिस्टर म्हणतात तसं दगडंच.

सुरुवात महानवमी दिब्ब्यापासून करा. थरांचा मोठा चौथरा आहे, दसऱ्याचे नऊ दिवस राजा इथं बसून सोहळा बघायचा. १५२० च्या आसपास दोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज प्रवासी येऊन गेला, त्यानं हा सोहळा लिहून ठेवलाय आणि शहर रोमएवढं मोठं वाटलं असंही लिहिलंय. वर चढायची घाई करू नका, आधी चौथऱ्याच्या बाजूनं फिरा. शिकार, नाचणाऱ्या बायका, उंट, आणि परदेशातून घोडे घेऊन आलेले व्यापारी असं सगळं कोरलंय. घोडा हा विजयनगरचा जीव की प्राण, अरबी घोडे समुद्रावरून यायचे आणि पुढं तो धंदा गोव्याच्या पोर्तुगीजांच्या हातात गेला.

तिथून हाकेच्या अंतरावर पायऱ्यांची पुष्करणी आहे. मला विचाराल तर अख्ख्या हंपीत सगळ्यात भारी गोष्ट हीच, रथ बिथ नंतर. ती १९८० च्या दशकात उत्खननात सापडली, म्हणजे तोपर्यंत मातीखाली होती. काळ्या दगडाच्या पायऱ्या इतक्या रेखीव की काल केल्यासारख्या वाटतात, आणि नीट बघितलं तर दगडांवर गवंड्यांच्या खुणा, अक्षरं दिसतात, कुठला दगड कुठं बसवायचा त्याच्या. शेजारी दगडी पन्हळी आहेत, खांबांवर उचलून धरलेल्या, त्यातून पाणी खेळवायचे. नववीतल्या पोराला ते पाणी कुठून येतं आणि उतार कसा साधलाय ते शोधायला लावा, अर्धा तास तरी मोबाईल खिशात राहील.

हजारराम मंदिर त्याच भागात, राजघराण्याचं देऊळ. भिंतींवर रामायण ओळीनं कोरलंय, चित्रकथा वाचावी तसं. सासूबाईंना इथं बसवा आणि मुलाला प्रसंग ओळखायला सांगा, आजीच जिंकणार. मग जनाना आवार, कमल महाल, अकरा दालनांच्या हत्तीशाळा. हे सगळं सपाटीवर आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

आता विठोबा. वारकरी परंपरेत अशी कथा आहे की कृष्णदेवरायानं (राज्यकाळ १५०९ ते १५२९) पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली आणि पैठणच्या संत भानुदासांनी, म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, ती परत आणली. हंपीचं विठ्ठल मंदिर मात्र कृष्णदेवरायाच्या आधी, पंधराव्या शतकात सुरू झालेलं मानतात, त्यानं ते वाढवलं, तिथला शंभर खांबी मंडप १५१६ चा. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही, पूजा नाही. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन रिकामा गाभारा बघून मन खट्टू होतं, माझ्या आईचं झालं होतं. पण जवळच नदीकाठी पुरंदर मंडप आहे, कन्नड संत पुरंदरदासांच्या नावाचा, त्यांच्या पदांची नाममुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’. पाणी जास्त नसेल तर तिथं जा. मी आईला तिथं नेलं, ती टाळ्या वाजवत दोन अभंग म्हणाली आणि मग कुठं खुलली.

रथ याच देवळाच्या अंगणात आहे. मुलाला सांगा की तो रथ नाही, रथाच्या आकाराचं गरुडाचं देऊळ आहे. पुढं आज हत्ती दिसतात पण मुळात घोडे होते, हत्तींच्या मागं त्यांच्या शेपट्या अजून दिसतात. १८५६ साली ग्रीनलॉ नावाच्या इंग्रजानं काढलेल्या फोटोत रथावर विटांचं शिखर पण आहे, ते आता नाही. वाजणाऱ्या खांबांवर टिचकी मारू नका, बंदी आहे. आणि खांबांवरून आठवलं, २०१९ मध्ये काही पोरांनी एका पडक्या देवळाचा खांब ढकलून पाडला, व्हिडिओ फिरला, तर कोर्टानं दंड तर केलाच शिवाय त्यांच्याकडूनच तो खांब परत उभा करून घेतला. भारी वाटलं होतं वाचून. पार्किंगपासून देऊळ जवळपास एक किलोमीटर, बॅटरीची गाडी असते, सुट्टीत तिला लाईन लागते, म्हणून सकाळी उघडताक्षणी जा. तिकीट जपून ठेवा, तेच त्या दिवशी कमल महालाला आणि कमलापूरच्या म्युझियमला चालतं.

विरूपाक्ष मंदिर जागतं आहे, रोज पूजा होते, दर्शन तिथं घडेल. मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते ती चुकवू नका. अंजनाद्री म्हणजे हनुमानाचं जन्मस्थान मानतात ती टेकडी नदीपलीकडे आहे, पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या, तेव्हा सासूबाईंनी खालूनच हात जोडावेत.

तर मिस्टरांना सांगा, दोन पूर्ण दिवस, जमलं तर तीन. दुपारी बारा ते तीन बाहेर पडायचं नाही, तिथले धोंडे तव्यासारखे तापतात. जाताना हुबळी, गदग, कोप्पळ असं जाणार असाल तर गदगजवळ लक्कुंडीला थांबा, चालुक्यांची देवळं आहेत, गर्दी नसते.

प्रश्न : आम्ही नगरचे. आमच्याच निजामशहानं विजयनगर पाडलं असं मुलं शाळेतून ऐकून आलीत. मग तिथल्या कमल महालाला, हत्तीशाळेला कमानी न् घुमट कसे काय? ते नंतर बांधलं का? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : हुसेन निजामशहा होता हे खरं, पण एकटा नाही, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर पण सोबत होते. आणि कमानी घुमट नंतरचे नाहीत, विजयनगरच्याच राजांनी बांधलेत. दीडदोनशे वर्षं बहमनी आणि पुढच्या सुलतानांशी लढाया पण चालू होत्या आणि देवाणघेवाण पण. विजयनगरच्या सुरुवातीच्या राजांपैकी बुक्करायानं तर ‘हिंदुरायसुरत्राण’ अशी पदवी घेतली होती, सुरत्राण म्हणजे सुलतानच की. त्यांनी देवळं आपल्या पद्धतीनं बांधली आणि दरबारी इमारतींना ही नवी फॅशन घेतली, दरबारातला पोशाख पण तसाच बदलला होता. मुलांना तिथं नेऊन देऊळ आणि कमल महाल, दोन्ही एकामागोमाग दाखवा.

प्रश्न : मडगावहून ट्रेनने एकटाच जातोय, हंपीत राहू की होस्पेटला? रात्री जरा बसायची सोय? – एक वाचक, मडगाव

उत्तर : स्टेशन होस्पेटला, तिथून हंपी १३ किलोमीटर, बस भरपूर. राहा हंपीतच, पहाटे मातंग टेकडीवर सूर्योदय बघायला चढता येतं, टॉर्च घ्या. बसायची सोय म्हणाल तर हंपी गाव देवस्थान आहे, दारू मटण काही मिळत नाही, त्यासाठी होस्पेटच. मिरची भजी आणि मंडक्की (म्हणजे चुरमुरे) मात्र मिळेल, त्यावर भागवा.