फी माफ आहे, मग एवढे पैसे कसले?

प्रश्न : ताई नमस्कार, मुलीचा इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायचाय. मागचा कटऑफ बघता पुण्यातलं एक खाजगी कॉलेज आणि सांगलीतलं एक, दोन्हीकडे कॉम्प्युटर लागेल असं वाटतंय. पुण्याची ट्यूशन फी 1 लाख 20 हजार, डेव्हलपमेंट फी 12 हजार, होस्टेल-मेस 95 हजार. सांगलीची ट्यूशन फी 80 हजार, डेव्हलपमेंट फी 8 हजार, जाऊन-येऊन करेल, एसटी-जेवण धरून 12 हजार. आम्ही मराठा, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) दाखला आहे, उत्पन्न 3 लाखाच्या आत. लोक म्हणतात मुलींना सगळं फुकट झालंय, पुणंच टाका. वर एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचे रोज फोन, 3 लाखाच्या फीवर 25 टक्के स्कॉलरशिप देतो म्हणून. काय करू?
– एक पालक, पलूस

उत्तर : दादा, सगळं फुकट नाही हो, ट्यूशन फी आणि परीक्षा फी फुकट. जुलै 2024 च्या जीआरनं (शासन निर्णयानं) ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखापर्यंत असेल आणि अॅडमिशन कॅपमधून असेल तर, आधी निम्मी मिळायची ती आता पूर्ण माफी मिळते. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे तुमच्याच खिशातून.

आता हिशोब बघा. माफी नसती तर पुणं वर्षाला 2 लाख 27 हजार आणि सांगली 1 लाख, म्हणजे पुणं सव्वादोनपट. माफी धरली की पुणं 1 लाख 7 हजार आणि सांगली फक्त 20 हजार, म्हणजे पाचपटीच्या वर! फी कमी झाली की राहण्या-खाण्याचा खर्चच उघडा पडतो, आणि लोक अजून फीचा बोर्ड बघूनच कॉलेजं ठरवतात. चार वर्षांचे 4 लाख 28 हजार विरुद्ध 80 हजार. एवढा फरक द्यायचा तर पुण्याच्या कॉलेजचं प्लेसमेंट खरंच तेवढं सरस आहे का ते तिथल्या लास्ट इयरच्या पोरांना विचारा, माहितीपत्रकात काय लिहिलंय ते सोडा. मला विचाराल तर ब्रँच तीच असेल तर मी सांगली वर टाकेन.

पुणंच करायचं असेल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघा, तुम्ही अल्पभूधारक असाल तर तो दाखला आत्ताच काढून ठेवा कारण तहसीलला ऐन गर्दीत गेलात की बसा हेलपाटे मारत.

त्या युनिव्हर्सिटीचं म्हणाल तर 25 टक्के गेले तरी सव्वादोन लाख उरतातच, वर होस्टेल, आणि खाजगी युनिव्हर्सिट्या या जीआरमध्ये बसतच नाहीत. फोनवाल्याला एकच विचारा, ही सूट चारही वर्षं आहे का आणि मार्क घसरले तर काय, आणि ते लेखी मागा. मॅनेजमेंट कोट्याचंही (कॉलेज स्वतः भरतं त्या सीटांचंही) तसंच, कॉलेज कितीही चांगलं असलं तरी त्या सीटला ही माफी नाही.

कॉलेजनं अॅडमिशनच्या वेळी पूर्ण फी मागितली तर कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि दाखले दाखवून बोला, पात्र मुलींकडून ती फी आधी घेऊ नका असं शासनानं बजावलेलं आहे. माफीचा फॉर्म महाडीबीटीवर (शासनाच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर) दरवर्षी नव्यानं रिन्यू करावा लागतो, एक वर्ष विसरलात की त्या वर्षाची फी अंगावर. माफीचे पैसे शासनाकडून मुलीच्या आधारला जोडलेल्या खात्यात येतात आणि तिथून कॉलेजला भरायचे, पण बऱ्याचदा आधार शाळेत असताना काढलेल्या कुठल्यातरी जुन्या खात्याला जोडलेलं असतं आणि पासबुक घरात कुणालाच सापडत नाही. बँकेत जाऊन नुसतं 'आधार लिंक आहे का' विचारू नका, एनपीसीआयला (आधारवरून पैसे कुठल्या खात्यात जायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेत) कुठलं खातं मॅप आहे ते विचारा, ते खातं चालू करून घ्या आणि मगच फॉर्म भरा.