विसर्जनाच्या बंदोबस्तात ड्रोन उडवणार असशील तर

बाळा, पोलिसांनी बोलावलं म्हणजे सगळं माफ, असं समजू नकोस. आपल्या बेळगावला सांबऱ्याचा विमानतळ जवळ, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तर गावातच. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा ‘डिजिटल स्काय’चा सरकारी नकाशा आदल्या दिवशी पुन्हा बघ आणि परवानगीचा कागद साहेबांकडून मागून घे.

मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे वळली की गर्दीच्या डोक्यावर ड्रोन धरायचा नाही. बाजूच्या गच्चीवरून उडव, कॅमेरा तिरका ठेव. ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची आसपासच्या इमारतींपेक्षा जास्त लाव, नाहीतर परतताना भिंतीत घुसलाच म्हणून समज. पत्र्यावरून टेकऑफ नको, कंपास बिघडतो. बॅटरी 30 टक्क्यांवर आली की उतरव. साहेब ‘अजून जरा’ म्हणतातच, ऐकायचं नाही. पावसाचं तर सांगायलाच नको.

खरी जोखीम ड्रोन खाली आल्यावर. मारामारी टिपली गेली असेल तर ते फुटेज पुरावा ठरतं. मेमरी कार्ड जसंच्या तसं पंचांसमोर दे, कापाकापी करू नकोस. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पटवणारा कोड, भरावी लागते. आणि मंडळाच्या पोरांनी कितीही गळ घातली, तरी एकही क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही.